चोवीसने भागलेलं पाणी

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. मी कामावर जायला लागले होते, पण ग्रंथालयात एखाद्या पुस्तकावर दुसऱ्याच पुस्तकाचा क्रमांक घालत होते. त्या दिवसांत लालबागच्या आमच्या चाळीची सभा लागली. रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीपासून आमच्या तळटाकीपर्यंत येणारा पाइप गंजला होता, तो बदलायचा होता. रस्ता खोदायची परवानगी एकदाच मिळणार होती. आता चुकीचा पाइप पडला असता तर पुढची कित्येक वर्षं तोच. ही टाकी अर्धवट भरली की पंपाने वर चढवायला पाणी पुरत नाही; सर्वांत आधी चौथ्या मजल्याचं पाणी जातं, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. मी कामावर गेले की आई दुखऱ्या गुडघ्यांनी खालून कळशी आणते. नको म्हटलं तरी आणते.

ठेकेदाराने सभेत छापील कागद वाटला. चाळीस बिऱ्हाडांना रोज चोवीस हजार लिटर, म्हणजे ताशी एक घनमीटर, म्हणून एक इंची पाइप. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मग थांबले, कारण हीच चूक मी नववीत असताना केली होती.

बाबा पाणीखात्यात चावीवाले होते. लांब दांड्याची चावी घेऊन रस्त्यातल्या झाकणाखालचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडायचे आणि ठरल्या वेळी बंद करायचे, हे त्यांचं काम. तेव्हा नुकतीच एककं शिकले होते, म्हणून चाळीला मिनिटाला किती लिटर पाणी मिळतं हे मी हौसेने काढलं आणि वही त्यांच्यापुढे धरली.

"भागलंस कशाने, बाय?"

"चौदाशे चाळीसने. दिवसाची मिनिटं."

"आणि मी चावी बंद केल्यावर पाणी कोण सोडतो? तू?"

आमच्याकडे पाणी सकाळी सहा ते आठ. एकशेवीस मिनिटं. मी खोडून पुन्हा मांडलं तेव्हा सतराच्या जागी दोनशे आले, आणि बाबा चहा प्यायला निघून गेले.

सभेत मी हात वर केला. मी सहसा बोलत नाही, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले.

"ताशी एक घनमीटर म्हणजे तासाला हजार लिटर," मी म्हणाले. "मिनिटाला सतराही नाही; मोठी बादलीसुद्धा भरत नाही. आणि पाणी येतं दोन तास. या कागदाप्रमाणे टाकीत दोन हजार लिटर पडतील. बाकीचे बावीस हजार?"

"मॅडम, हे सॉफ्टवेअरने काढलंय," ठेकेदार म्हणाला.

"त्या सॉफ्टवेअरच्या घरी दिवसभर पाणी असेल हो!" दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. सगळे हसले. ठेकेदारही हसला, पण कागद त्याने मागे घेतला नाही. "आत्ताचा गंजका पाइप तरी असं किती देतो?" त्याने विचारलं.

"उद्या सहाला या. मोजू."

तो आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. टाकीचं झाकण उघडून आम्ही पाइपच्या तोंडाखाली वीस लिटरची बादली धरली. मोबाइलवर वेळ त्यानेच लावली. आठ सेकंद. पुन्हा धरली, पुन्हा आठ. मी मोठ्याने हिशोब केला: आठ सेकंदांत वीस, म्हणजे मिनिटाला दीडशे लिटर, तासाला नऊ हजार, म्हणजे नऊ घनमीटर.

"मेला गंजून नऊ देतोय," बघायला खाली आलेल्या काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही नवाकोरा एकाचा घालताय होय?"

त्याने कागद उलटा केला, पाठीवर चोवीस हजारांना दोनाने भागलं. ताशी बारा घनमीटर. "रोजचा आकडा दिसला की हात चोवीसकडेच जातो," तो म्हणाला. "दोन इंची घालू. मॅडम, तुम्ही इंजिनिअर का?"

"ग्रंथपाल. वडील चावीवाले होते."

'होते' हा शब्द दीड महिना मला म्हणता येत नव्हता. त्या सकाळी सरळ बाहेर आला.

महिन्याभराने नवा पाइप पडला. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले आणि मोरीतल्या नळाखाली बादली लावली.

"किती?" आईने विचारलं.

"मिनिटाला बारा लिटर."

"म्हणजे?"

"म्हणजे आता खाली जायचं नाही."

तिने नळ बंद करून पुन्हा उघडला. धार तशीच होती. मग मोरीत भरून ठेवलेल्या दोन पिंपांपैकी एक तिने माझ्याकडून रिकामं करून घेतलं आणि पालथं घातलं. दुसऱ्याला मी हात लावला तेव्हा म्हणाली, "ते राहू दे. उद्या बघू."