वापरलेलं स्वयंपाकघर

आमची मुलगी नव्या गावात उतरली की आधी जेवते. सामान नंतर, खोली नंतर, आणि पोचल्याचा फोन सगळ्यात शेवटी. मी इकडे फोन हातात धरून रस्त्यावरच्या प्रत्येक वळणाची काळजी करत असते आणि ती तिकडे कुठल्यातरी बाकावर बसून माशाचे काटे काढत असते. शेवटी फोन येतो. मी विचारते, "नीट पोचलीस ना?" ती म्हणते, "आई, इथे लसूण इतका मंद भाजतात की गोड लागतो." म्हणजे पोचली.

ही नुसती चैन नाही, कामाचा भाग आहे, असं तिचं म्हणणं. जाहिरातींच्या शूटिंगसाठी ती खोल्या सजवते. दिवाणखाने, झोपायच्या खोल्या आणि बहुतेक वेळा स्वयंपाकघरं, कारण जाहिरातीतल्या माणसांना सतत काहीतरी उकळायचं, तळायचं नाहीतर पुसायचं असतं. या खोल्यांना तीनच भिंती असतात. चौथीच्या जागी कॅमेरा. माणसं खरोखर कशी राहतात हे बघायला तिला फिरावं लागतं. डोंगरातली घरं झाली, बंदराजवळची झाली, एकदा तर दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन आली. लोक तिला घरात घेतात, कारण ती आधी त्यांच्या ताटातलं खाते आणि मग त्यांच्या भिंती न्याहाळते. उलट केलं असतं तर कुणीतरी पोलिसांना बोलावलं असतं.

तिच्या स्वतःच्या घरी गेलं की दारातच थांबून आज पलंग कुठे आहे ते बघून घ्यावं लागतं. मागच्या खेपेला मी दुपारची डुलकी काढून उठले आणि बाथरूम समजून पुस्तकांच्या कपाटाला धडकले. सकाळी ते तिथे नव्हतं. भिंत रंगवताना ती शिडीवर उभी राहून सफरचंद खाते. एका हातात ब्रश, दुसऱ्यात सफरचंद, शिडीला धरायला हात उरत नाही. शिडी मी धरते. वरून ती विचारते, "हा पिवळा जरा उपाशी वाटतो का गं?" मी म्हणते, "तू आधी खाली उतर."

तिच्या बाबांचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. हे आयुष्यभर सरकारी इमारतींच्या देखभालीच्या खात्यात होते. गळका नळ आणि न लागणारं दार यांच्याशी त्यांचं वैर निवृत्तीनंतरही संपलेलं नाही. लोकांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. यांच्या धाकट्या भावाचं विम्याचं ऑफिस आहे आणि तिथे आमच्या मुलीसाठी एक खुर्ची राखून ठेवली होती. "टेबल आहे, खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे, संध्याकाळी माणूस घरी," हे म्हणायचे. मला पंख्याचं काही नव्हतं, पण संध्याकाळी घरी हे फार बरं वाटायचं.

तशात यंदा ती जिच्या हाताखाली काम करते त्या मॅडमनी तिला पहिल्यांदाच अख्खं स्वयंपाकघर एकटीवर सोपवलं. इतकी वर्षं ती मॅडमनी धरलेल्या पडद्याचं दुसरं टोक धरत होती. पातेल्यांच्या एका कंपनीची जाहिरात होती, आणि हे स्वयंपाकघर पसंत पडलं तर त्या कंपनीचं वर्षभराचं काम तिच्याकडे येणार होतं. ती आमच्याकडे जेवायला आली तेव्हा यांनी पुन्हा खुर्चीचा विषय काढला.

"बाबा, हे पास झालं नाही ना, तर मी काकांकडे जाते," ती म्हणाली. "कुरकुर न करता."

"शब्द?"

"शब्द. आता ती भाजी इकडे द्या."

यांनी भाजी दिली. जेवण झाल्यावर भावाला फोन करून सांगितलं, खुर्ची अजून कुणाला देऊ नकोस.

शूटिंगच्या दिवशी तिने आम्हाला सकाळीच सेट बघायला बोलावलं. बाहेरून गोदाम दिसत होतं, आतूनही गोदामच. मधोमध दिवे लावलेले आणि त्या दिव्यांखाली एक स्वयंपाकघर उभं. ओटा, वर फळ्या, कपाट, नळ, खिडकी. खिडकीबाहेर रंगवलेलं आकाश. ती फार खुशीत होती. "कसं वाटतं?" तिने विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले. हे नळाकडे बघत होते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. डायरेक्टर आणि कंपनीचे साहेब फाटकाशी आले होते. "बसा हं, मी त्यांना घेऊन येते," असं म्हणून ती गेली. कशाला हात लावू नका, हे सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. त्या गोदामात येणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं.

नळ टपटपत होता. हे थोडा वेळ ऐकत बसले. मग उठले.

"अहो, राहू द्या."

"पोरीचा आज महत्त्वाचा दिवस आहे," हे म्हणाले. "साहेब लोक येणार आणि नळ गळतोय."

नळ झाला. मग कपाटाचं एक दार बिजागरीतून लोंबत होतं, ते झालं. फळी एका बाजूला कललेली होती. यांनी एक डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं, खाली पुठ्ठ्याची घडी सारली, पुन्हा डोळा मिटून पाहिलं. मला नुसतं बसवेना. ओट्यावर चहाच्या कपांची वर्तुळं होती, बटणांभोवती काळपट बोटं उमटलेली, शेगडीमागच्या भिंतीवर तेलाचे शिंतोडे. पाहुणे दारात आले असताना असला ओटा कुठल्या आईला बघवेल? काही वर्तुळं नुसत्या फडक्याने निघेनात. ती नखाने खरवडली.

मुलगी परत आली तेव्हा एकटीच होती. साहेब बाहेर चहा घेत होते. ती दिव्यांच्या कडेशी थांबली. नळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे.

"कुणी केलं?"

"मी," हे म्हणाले. "बिजागरी कुणी बसवली होती? गाढव असला पाहिजे."

"मी बसवली होती, बाबा. लोंबावी म्हणून."

यांनी ते दार एकदा उघडून मिटलं.

"वीस वर्षं वापरलेलं स्वयंपाकघर हवंय त्यांना. तो नळ टपटपता करायला दुपार गेली माझी. आणि आई, ती वर्तुळं..."

"डाग होते गं."

"मीच पाडलेले होते. मोजून."

आम्ही दोघं त्या लख्ख ओट्यापाशी उभे राहिलो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.  यांच्या भावाकडची ती खुर्ची मला समोर दिसायला लागली, वर पंखा फिरत असलेली, आणि ती मला आधीइतकी बरी वाटेना.

"बाबा, दार परत सैल करा."

"नीट केलेलं बिघडवायचं?" यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. "ते मला जमणार नाही. माझा हातच वळणार नाही."

मला वाटलं, आता ही रडेल. ती ओट्याला टेकून खाली बसली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "मला भूक लागलीय."

"आत्ता?"

"सकाळपासून काही खाल्लं नाहीये. शेगडी खरी आहे. टोपलीतली अंडी खरी आहेत, बटाटेपण. कर ना काहीतरी. आणि बाबा, तुम्ही चहा टाका. लागेल ते घ्या, लागेल तिथे ठेवा. फक्त पुसू नका."

मी भांडं शोधायला लागले. फळीवरची भांडी हलेनात. ती डिंकाने चिकटवलेली होती. एकच पातेलं सुटं होतं, मऊ पिशवीत घालून कोपऱ्यात ठेवलेलं. घेतलं. मीठ माझ्या उजव्या हाताला नव्हतं, ते तिथे आणलं. सुरी डाव्या बाजूला. कांद्याची सालं ओट्याच्या कडेला साठली. चहाला उकळी आल्यावर यांनी शेगडीखालचा जाळ कमी केला नाही, घरीही करत नाहीत, आणि चहा उतू जाऊन शेगडीभर पसरला. माझा हात फडक्याकडे गेला. "आई," मुलगी म्हणाली. मी हात मागे घेतला. हे लिहायला सोपं आहे.

यांनी चष्मा काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि मग शोधत बसले. मुलगी पातेल्यातूनच खायला लागली, उभ्या उभ्या. पाव मोडला, त्याचा चुरा सगळीकडे. "आई, तिखट मस्त झालंय." तोंड भरलेलं. "बाबा, घ्या ना." हेही पातेल्यात पाव बुडवू लागले.

डायरेक्टर कंपनीच्या साहेबांना घेऊन आला तेव्हा आम्ही तिघं त्या ओट्याभोवती जेवत होतो. तो आत शिरला, आमच्याकडे पाहिलं, "माफ करा हं," म्हणाला आणि कुणाच्या घरात चुकून आल्यासारखा मागे फिरला. दोन पावलं गेल्यावर थांबला, कारण त्याच्या डोक्यावर दिवे होते आणि समोर कॅमेरा होता.

"कुणी काही हलवू नका," तो म्हणाला.

साहेबांना मात्र कळेना. ते पातेल्याजवळ आले, वाकून पाहिलं. "हे आमचं पातेलं आहे."

"हो," मुलगी म्हणाली.

"यात काहीतरी शिजवलंय."

"अंडी-बटाटा."

"हे आजच्यासाठी चकाकी देऊन आणलं होतं."

तिने तोंडातला घास गिळला. "त्यात शिजवायचंच असतं ना?"

  साहेबांनी एकदा डायरेक्टरकडे पाहिलं, एकदा उतू गेलेल्या चहाकडे. मग यांच्याकडे बोट करून विचारलं, "हे गृहस्थ जाहिरातीत आहेत का?"

"नाही. बाबा आहेत."

"बरं. निदान पातेल्याचा तळ दाखवू नका," साहेब म्हणाले, आणि खुर्ची ओढून कॅमेऱ्यामागे बसले.

आम्हाला बाहेर काढण्यात आलं. यांचा चष्मा मात्र आतच राहिला. डायरेक्टरने तो उचलू दिला नाही. संध्याकाळपर्यंत यांना समोरचं धड दिसत नव्हतं. तरी शूटिंग बघायला आलेल्या मॅडम बाहेर येऊन काय म्हणाल्या ते नीट ऐकू आलं. वर्षभराचं काम मुलीला मिळालं होतं आणि पुढच्याच आठवड्यात तिला डोंगरापलीकडच्या गावांत घरं बघायला जायचं होतं. त्या रस्त्याला किती वळणं आहेत हे मी विचारलं. मॅडमना माहीत नव्हतं.

घरी आल्यावर यांनी भावाला फोन लावला.

"नाही, ती येत नाही," हे म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. यांनी बराच विचार केला. "स्वयंपाकघरं खराब करते. हो, पगार देतात. पक्कं काम आहे." मग म्हणाले, "तू ती खुर्ची दे दुसऱ्या कुणाला."