मेंढरांमागचे पाय

ग्लुकोज आपणहून स्नायूच्या पेशीत शिरत नाही. पेशीच्या आवरणात त्यासाठी एक प्रथिन लागतं. त्याची साखळी आवरणातून बारा वेळा आरपार गेलेली असते आणि मधे वाट असते. ते आधी बाहेरच्या बाजूला उघडतं, ग्लुकोज घेतं, तिकडून मिटतं आणि मग आत उघडतं. सोलापूरच्या कॉलेजात हे दार मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढतोय. स्नायूंमधली यातली बरीचशी दारं एरवी पेशीच्या आतच पडून असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती आवरणापाशी येतात. स्नायू राबले तर निरोप नसतानाही येतात.

आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मोहोळकडच्या माळावर मेंढरांमागे चालले. चालता चालता चातीवर, म्हणजे हातातल्या टकळीवर, लोकर कातायची ही आमच्यातली रीत. मला नोकरी लागली आणि त्यांनी आपणहून कळप विकला. पोरगं साहेब झाल्यावर बापानं बसून खायचं, यात भावकीत मान होता. माझ्या गॅलरीत ते ऐटीत बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला "लई आराम हाय," म्हणायचे.

पुढं साखर निघाली. फिरायला चला म्हणून मी रोज डोकं फोडायचो.

"मेंढरं न्हाईत तर कुटं चालू? लोक म्हनतील, म्हातारा हरवलाय."

मी चिडायचो, पण त्यांचं खोटं नव्हतं. बिनकामाचं चालणं त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. मग पायाची जखम चिघळली आणि गेल्या वर्षी उजवा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. तो कळप ठेवायला हवा होता, असं अजून वाटत राहतं.

परवा मी घरी त्याच दाराचं चित्र काढत होतो. आबांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मेंढरं व्हती तवर ही दारं आपसूक म्होरं येत व्हती?"

"व्हय, आबा."

"अन् आता? गेली का सगळी?"

"हायती की. आत पडून हायती."

 मग आबांनी कपाटातली चाती मागितली. गावाकडून आलेली थोडी लोकर घरात होती, तीही मी दिली.

"हातानं येत्यात का ती दारं?"

बोटांच्या एवढ्याशा हालचालीनं काय होणार, हे मला ठाऊक होतं.

"येत्यात की," मी म्हणालो.

आबा खुर्चीत बसून कातू लागले. कातताना त्यांचा राहिलेला पाय फरशीवर चालल्यासारखा हलत होता.