बुडाला लागलेली खीर

सुंदराकाकू कुणाकडे गेल्या की आधी माणसांना भेटत नसत. थेट मागच्या अंगणात, भांडी घासायच्या जागी जात. तिथला गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, उचलायचा, उलटा करायचा, मग आत वाकून तळ बघायचा आणि पदर सावरत पुढच्या खोलीत येऊन म्हणायचं, "घर चांगलं आहे तुमचं." किंवा नुसतंच, "हं." बालाघाटातल्या आमच्या मोहल्ल्यात बायका या "हं"ला पटवाऱ्यापेक्षा जास्त भीत.

करपलेलं भांडं साफ करावं ते मात्र त्यांनीच, हे कबूल केलं पाहिजे. कुणाचा भात लागला, कुणाचं दूध करपलं, की गंज पदराखाली झाकून त्यांच्याकडे जायचा. त्या त्यात पाणी आणि मूठभर चुलीची राख टाकून उकळी आणत, झाकून ठेवत, आणि विटकर घेऊन खरवडायला बसलेल्या आपल्या सुनेवर ओरडत, "हात नोको लावू! कल्हई निघून जाईन. करपलं त्याले जोर नाही लागत, दम लागते. भिजू दे." संध्याकाळी गंज लख्ख होऊन परत येई. तोवर कुणाच्या चुलीवर काय करपलं ही बातमी वैनगंगेच्या घाटापर्यंत पोचलेली असे. घासण्याची मजुरी म्हणून त्या एवढंच घेत.

माझं लग्न त्यांनीच जुळवायला घेतलं. मुलगा त्यांच्या मोठ्या बहिणीचा, तिरोडीच्या खाणीत कारकून. "या घरचे गंज पायले मीनं," त्यांनी बहिणीला कळवलं होतं, "पोरीत खोट नाही."

पाहुणे आले त्या दिवशी काकूंनी मला चुलीकडे फिरकू दिलं नाही. "धुरानं तोंड काळं होईन वं तुझं. खीर माह्याकडे दे, तू पावडर लाव." चुलीवर खीर आणि बाहेर बहीण, दोन्ही एका वेळी सांभाळणं काकूंना जमण्यासारखं नव्हतं. त्या बाहेर जाऊन बसल्या आणि लामता गावच्या कुठल्याशा मुलीचं लग्न करपलेल्या गंजापायी आपण कसं मोडलं, ते रंगवून सांगू लागल्या. मी दाराआड उभी होते. मुलगा मान खाली घालून हसत होता. मला तो आवडला. तेव्हा कुणी विचारलं नाही, म्हणून आता सांगते.

मग वास आला. भांडी बघायचा रोग दोघी बहिणींना होता. मोठी उठली, तडक स्वयंपाकघरात शिरली आणि गंजात डाव घालून तळ खरवडून पाहिला.

"कोणं केली ही खीर?"

आईनं काकूंकडे पाहिलं. मध्यस्थ बाईला तिच्याच बहिणीसमोर खाली पाहायला लावणं आमच्यात बसत नव्हतं, आणि बघायला बसवलेल्या मुलीनं तोंड उघडणं तर मुळीच नाही. मी काकूंची वाट पाहिली. काकूंनी बांगड्या मागे सारल्या आणि म्हणाल्या, "पोर आहे वं अक्का. शिकन हळूहळू."

मला चक्क माफ करून टाकलं त्यांनी! तिरोडीहून नकार आला.

दुसऱ्या दिवशी काकू राख घेऊन हजर. तोच गंज उकळला, भिजवला, घासला आणि माझ्यापुढे ठेवला. "पाय, नवा झाला."

"गंज झाला," मी म्हटलं.

 आमच्या घरचं भांडं त्यानंतर काकूंनी कधी उलटं करून पाहिलं नाही.

पुढे मी लामत्याला दिली गेले. संसार वाईट झाला नाही, पण काकूंवरचा राग काही गेला नाही. एकदा माहेरी आले तर काकू खाटेला खिळलेल्या. त्यांच्यासाठी खीर करायला घेतली आणि आईशी बोलता बोलता ती बुडाला लागली. मुद्दाम नाही. तीच वाटीत घालून नेली, हे मात्र मुद्दाम.

पहिला चमचा तोंडात गेला आणि काकू थांबल्या. दारातून सुनेनं नाक वाकडं केलं. "करपल्याचा वास येऊन राह्यला. कोणं केली ही खीर?"

मी काकूंकडे पाहिलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्वच्छ आला.

"मीनं."

सून माझ्या कानाशी वाकली. "किती महिने झाले, खाटेवरून उठल्या नाही. डोकं ठिकाणावर नाही राह्यलं त्यांचं."

"आजच आलं," मी म्हटलं, आणि काकूंना दुसरा चमचा भरवला.