शिवेवरचा नवरदेव

भूकंपातसुद्धा आमच्या बाभळवाडीच्या शिवेवरचा दगड जागचा हलला नव्हता. तो हलवला लातूर शहरानं, एका ठरावात. गाव शहराच्या हद्दीत गेलं आणि मी म्हशीची धारसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून काढू लागलो.

मुलीच्या लग्नपत्रिकेत बाभळवाडीचं नाव घालायला मी साफ नकार दिला. ‘सीमांतपूजन : लातूरच्या शिवेवर’ असं झोकात छापलं. सुशीला (माझी बायको, घरातली अक्कल तिच्या ताब्यात असते) म्हणाली, “अवो, लातूरला चारी अंगानं शीव हाय. कुठली, ते तर लिवा.”

“शहरात असं लिहीत नसतात,” मी म्हणालो.

लग्नाचा मुहूर्त बारा दहाचा. साडेदहालाच आम्ही तांब्या-ताम्हण घेऊन अहमदपूर रस्त्यावरच्या आमच्या जुन्या दगडापाशी उभे राहिलो. शिवेवर पाय धुतल्याशिवाय नवरदेवानं गावात पाऊल टाकायचं नाही, हा रिवाज. आणि व्याही रिवाजाला कडक. अकरा वाजले तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही. मी फोन लावला.

“पावणं, कुठं हाव? आमी शिवंवर उभं हाव.”

“आमी बी शिवंवरच हाव की. अर्धा तास झाला, इथं कुत्रं न्हाई.”

निलंग्याहून आलेलं वऱ्हाड पत्रिकेबरहुकूम लातूरच्या शिवेवर थांबलं होतं. फक्त ती शीव शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती! मी म्हणालो, “थांबा, आमी येतो.” ते म्हणाले, “थांबा, आमीच येतो.” दोघांनी एकदमच फोन ठेवला आणि दोघेही निघालो.

गाठ पडली ती नेमकी शिकवण्यांच्या गल्लीत. त्या दिवशी निकाल लागलेला. एका क्लासनं मिरवणूक काढलेली, बँड, गुलाल, हजारभर पोरं. त्यांच्या बँडमध्ये आमच्या वऱ्हाडाचा बँड घुसला आणि कोण कुणाचं वाजवतंय ते कळेना. साडेअकरा झाले. मुहूर्त टळला तर व्याही वऱ्हाड माघारी नेतील, या धास्तीनं मी तांब्या-ताम्हण सावरत गर्दीत घुसलो.

तेवढ्यात समोर उघड्या जीपमध्ये फेटा बांधलेला, हारांत बुडालेला नवरदेव दिसला. (माझ्या चष्म्यावर गुलालाचा थर होता, हे नमूद करतो.) मी धावलो. त्याचे बूट-मोजे काढले, पाय ताम्हणात घेतले आणि तांब्याभर पाणी ओतून पंच्यानं पुसले.

“अवो,” सुशीला मागून म्हणाली, “जावयाचे केस कधी पिकले?”

चष्मा पुसला. पन्नाशीचे गृहस्थ होते. क्लासचे फिजिक्सचे सर! त्यांनी शांतपणे पाय मागे घेतले. पालक असं करतात याची त्यांना सवय असावी.

खरा नवरदेव पलीकडच्या जीपमधून हे सगळं बघत होता. व्याही तांबडेलाल झाले. “आमच्या पोराचं पाय कवा धुणार? आन् हितं शीव तरी कुठं हाय?”

मी इकडेतिकडे दगड शोधू लागलो. सुशीलानं हळदीची चिमूट घेतली, भर रस्त्यात आडवी रेघ ओढली आणि म्हणाली, “ही शीव. पल्याडचं निलंगा, अल्याडचं बाभळवाडी. या जावईबापू.” तांब्या रिकामा होता, म्हणून एका पोरीच्या बाटलीतल्या पाण्यानं जावयाचे पाय धुतले. व्याह्यांनी रेघ निरखून पाहिली आणि मान डोलावली. तिथून सगळे मांडवाकडे धावलो आणि बारा दहाला अक्षता पडल्या. मी सगळ्यांदेखत डोळे पुसले.

सरांना सुशीलानं आग्रहानं जेवायला आणलं होतं. हात धुऊन ते माझ्याजवळ आले. “तुम्ही पाय धुतलेत, आता नाही म्हणवत नाही. प्रवेश कुणाचा करायचाय?”

घरात शिकणारं कुणीच उरलं नव्हतं. मी तसं सांगणार, तेवढ्यात सुशीला म्हणाली, “यांनाच घ्या की. भूगोल लई कच्चा हाय यांचा.”

सर फिजिक्सचे होते, म्हणून वाचलो.