जिन्यातला कडू घास

दर्यापूरच्या स्टँडवरून अमरावतीची एसटी हलली, तेव्हा आई खिडकीची दांडी धरून चार पावलं सोबत चालली. मी म्हटलं, जाते आता. ती चिडलीच. "जाते नको म्हनू. येते म्हन." आमच्याकडे काही न म्हणता माणूस एकाच घरातून उठतो, जिथं मयत झालेली असते. मी 'येते' म्हटलं आणि जर्मनीला आले, इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून.

इथले शेजारी जिन्यात भेटतात, 'हालो' म्हणतात आणि दार लावून घेतात. ड्युटीवर दिवसभर माणसं असतात. घरी आलं की बोलायला भिंती. गावचा हा आपला व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यावर आज हे लिहितेय, तेवढा सोबतीला. खालच्या मजल्यावरची तुर्की म्हातारी, एमिनेबाई, माझ्यासारखीच एकटी. तिचं जर्मन मोडकंतोडकं, माझं दवाखान्यापुरतं, त्यामुळे बोलणं थंडीवाऱ्यापलीकडे कधी गेलं नव्हतं.

मग तिच्या गावाकडे भूकंप झाला. तिचा भाऊ ढिगाऱ्याखाली गेला. मी ग्रुपवर लिहिलं, तर तुम्ही मंडळी पेटलातच. त्यांचं सरकार आपल्याविरुद्ध बोलते, मग आपण काहून हळहळायचं? वैतागून मी आईला फोन लावला. तुर्कस्तान कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "तिच्या घरी चूल पेटली काय?"

मी म्हटलं, नसेल.

"मंग कडू घास घेऊन जाय. बसून काहून राहिली?"

मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेतात, तो कडू घास. मी बेसन-भाकर केली, खाली नेली, तिच्याजवळ बसले. तिनं दोन घास खाल्ले. त्यांच्याकडेही शेजारीच आणतात म्हणाली. मी काही न बोलता उठले, तशी ती बावरली. आपलं काही चुकलं की काय म्हणून माझ्यामागे जिन्यात आली. मग कसंबसं समजावलं, अशा घरातून आम्ही 'येते' म्हणत नाही. पुन्हा अशा कारणानं यायची वेळ येऊ नये म्हणून.

यंदा आपल्या मोहल्ल्यात पुराचं पाणी शिरलं. भिंत पडली आणि आई गेली. मी पोचेपर्यंत अंत्यविधी थांबवणं शक्य नव्हतं. मोबाईलवर तिचा चेहरा पाहिला, तोही मधेच अडकला.

ग्रुपवर तेव्हा धरणाची दारं या सरकारनं उघडली की त्या सरकारनं, यावर जुंपली होती. विचारायलाच पाहिजे, मीही विचारणार आहे. तिथं माझ्या भावाच्या घरी कडू घास तुम्हीच नेलेत, तेही मला ठाऊक आहे. पण मी त्याच ग्रुपवर होते, आणि तू जेवलीस का, हे एकानंही विचारलं नाही. त्याचा राग आहे माझ्या मनात.

संध्याकाळी दार वाजलं. सकाळी जिन्यात एमिनेबाईशी जेमतेम एक वाक्य बोलले होते, आई गेली म्हणून. ती मसुरीच्या सूपचं पातेलं घेऊन धापा टाकत उभी होती. सूप तिनंच वाढलं, मी संपवेपर्यंत बसून राहिली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली. दारात वळून पाहिलं, तोंडून शब्द काढला नाही, आणि हळूहळू खाली उतरली.

आता दर्यापूरला माझं घर आहे का, मला सांगता येत नाही. मी दारात उभी राहून तिची पावलं ऐकत होते. तिनं आमची रीत बरोबर पाळली होती. आणि मला मात्र, तिनं 'येते' म्हणावं असं फार वाटत होतं.