मामाचा अडकलेला मेसेज

माझा मामा लॉन्ड्रीत इस्त्री करतो. त्याच्या फोनला नेट नाही. "दिवसभर मालकाचं वायफाय असतं आणि घरी तुझी मामी असते. आणखी बातम्या कशाला?" असं त्याचं म्हणणं. त्यामुळे रात्री घरी टाइप केलेले त्याचे मेसेज फोनमध्येच मुक्काम करतात आणि सकाळी लॉन्ड्रीत पाऊल पडलं की एकदम सुटतात. मग नातेवाइकांचे फोन टुणटुण वाजतात. आई म्हणते, "पोचला वाटतं कामावर."

परवा मी ऑफिसला निघालो, तर मामा लॉन्ड्रीच्या अलीकडच्या कोपऱ्यावरच खांबासारखा उभा.

"काय रे मामा, कपडे आपोआप सरळ होणारेत का?"

त्याने फोन पुढे केला. थोरल्या मामाने आजीचं शिलाई मशीन कुणालाही न विचारता देऊन टाकलं होतं. त्यावर ह्याने रात्री लिहिलेलं: "तुला आईची आठवणसुद्धा अडगळ वाटते. आजपासून मला भाऊ नाही."

"पुसून देऊ?"

"कशाला? त्यात खोटं काय आहे?"

"मग चल, जाऊ दे."

"जाऊ पण नको देऊ."

"मग फोन घरी ठेवून ये."

"मामी वाचेल."

"मग राहा इथेच. डबा आणून देतो."

तो हसला नाही. नेट नसलं तरी साधा फोन लागतोच की. मीच त्याच्या फोनवरून थोरल्या मामाचा नंबर लावला, स्पीकर चालू केला.

"दादा, तुला एक मेसेज लिहिलाय. अजून आला नसेल तुला," मामा म्हणाला.

"मग वाच की," थोरला मामा म्हणाला.

मामा वाचायला लागला. "तुला आईची आठवण..." आणि अडखळला. स्क्रीनकडे बघतच पुढे म्हणाला, "...येत नाही का रे? मला येते. मशीन द्यायच्या आधी एकदा विचारायचंस."

स्क्रीनवर यातलं अर्धंही नव्हतं.

पलीकडून आवाज आला, "चुकलंच माझं. ते लोक टेम्पो घेऊनच आले, मी घाईत हो म्हणालो. तिची कात्री ठेवलीय काढून. रविवारी ये."

"येतो."

फोन बंद होताच मामाने तो माझ्या हातात कोंबला. "पूस. आधी पूस. हे गेलं तर मी त्याला काय तोंड दाखवू?"

मी मेसेज पुसला, त्याला दाखवलं. तरी फोन माझ्याकडेच ठेवून तो निघाला. लॉन्ड्रीच्या दारातून मात्र वळून ओरडला, "तुझ्या ऑफिसात वायफाय नाही ना रे?"