वच्छलाबाईंची मोटर आणि सात ड्रायव्हर

मेडशीच्या वच्छलाबाई घरामागच्या वाफ्यात मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावतात आणि जुड्या बांधून बाजारात विकतात. त्यांचे यजमान जगदेव तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. घरात जे जे फिरतं, मग तो मिक्सर का असेना, त्यातलं आपल्यालाच कळतं अशी त्यांची पक्की समजूत.

गेल्या माघात त्यांनी डेपोतल्या सहा जुन्या ड्रायव्हर मित्रांना रोडग्यांच्या जेवणाला बोलावलं. मित्र आले, कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजायला पडले आणि नेमकं टाकीतलं पाणी संपलं. विहिरीवरची मोटर लावली, तर ती नुसती गुरगुरत राहिली. पाण्याचा थेंब नाही.

साती ड्रायव्हर मोटरीभोवती जमले. एकानं कान लावून बेअरिंग गेल्याचं सांगितलं. दुसऱ्याला करंट कमी वाटला. रिसोडचे लालसिंग म्हणाले, "जगदेव, इले धक्का मार!" जगदेवांनी पान्यानं मोटरीच्या पाठीत दोन ठोके घातले.

"मारून काहून राह्यले तिले?" वच्छलाबाई पिठाच्या हातांनीच आल्या. "हवा धरली तिनं. बंद करा आधी."

"तुले काय समजते त्यातलं?"

"बंद करा म्हनलं ना!"

त्यांनी पंपावरचं बूच काढून बादलीनं पाणी ओतलं. पंप काठोकाठ भरला आणि डोळ्यांदेखत रिकामा झाला. दुसऱ्या बादलीचंही तेच.

"पाइपात पानी टिकूनच नाई राह्यलं, मंग मोटर वढीन काय? खालची झडप लागून नाई राह्यली. पाइप काढा."

साती जणांनी मुकाट्यानं विहिरीतून पाइप ओढला. टोकाची जाळी फुटली होती आणि झडपेत कडुलिंबाच्या चावलेल्या काडीचा तुकडा अडकला होता. विहिरीच्या काठावर बसून दात घासणारा आणि काडी आत भिरकावणारा त्या घरात एकच माणूस. वच्छलाबाईंनी तुकडा जगदेवांच्या तळहातावर ठेवला.

"सापडलं बेअरिंग," लालसिंग पुटपुटले.

झडप धुतली, जाळीवर तारेची नवी जाळी गुंडाळली, पाइप सोडला. वच्छलाबाईंनी पंप भरला, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि बूच आवळलं. मोटर दोनदा खोकली अन् पाणी आलं. नळी टाकीत सोडायची राहिलीच होती, त्यामुळे लालसिंगांचा पांढरा सदरा आधी भिजला.

तोवर रोडग्यांचे कोळसे झाले होते. सगळ्यांनी ते खरवडून वरणात कुस्करले आणि गुमान खाल्ले.

निघताना लालसिंग म्हणाले, "वयनी, आमच्या घरची मोटरबी असीच करते. कवा येता?"

"मी येतो ना!" जगदेव पुढे झाले.

"तू नको!" साही जण एकदम ओरडले.